जत्रेपुरती मोकळी हद्द

"बैल सोडायचा आणि गुपचूप पळायचं," बजरंग म्हणाला.

"गुपचूप न्हाई," चिंगी म्हणाली. "आरडत जायाचं. त्यो मागं आला पायजे."

"मागं कुऱ्हाड घेऊन येईल तो."

"यिऊ दे की. मोकळ्या हातानं कशाला येतोय?"

बाया खुदकन हसली. ती चिंगीची धाकटी बहीण. दोघी भाजे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतल्या. बजरंग गावातल्या रखमाजी आबांचा नातू, तळेगावच्या शाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेला. लोहगडामागची खिंड उतरून तिघं ओढ्याशी पोचली होती. ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे संस्थान. एरवी पलीकडे जायचं तर नाक्यावर चिठ्ठी दाखवावी लागे, नाहीतर शिपाई कोठडीत घालत. पण देवीच्या जत्रेदिवशी दिवस मावळेपर्यंत कुणालाच काही विचारत नसत.

गेल्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या महिपतीने चिंगीच्या बापाला, नवसूला, उलट्या कुऱ्हाडीने मारलं, हाताचं हाड मोडलं आणि एकुलता बैल ओढ्यापार नेला. पावसाळा तोंडावर आलेला. बैल नाही तर नाचणी नाही, आणि नाचणी नाही तर वर्षभर खायचं काय?

ठाण्यावरचे कोंडाजी हवालदार म्हणाले होते, "ओढ्यापलीकडे माझी काठी चालत नाही, पोरी. तो इकडे आला तर धरतो. जत्रेदिवशी काठावर बसून राहीन. पण तो कशाला येतोय?"

त्याला आणायचं चिंगीने तेव्हाच ठरवलं होतं.

ओढ्यापलीकडे जत्रेत बोकड कापले जात होते. देवळापुढची माती रक्ताने चिकट झाली होती. बैलबाजारात महिपती एका गिऱ्हाइकाला बैलाचे दात दाखवत होता. शिंगं त्याने लाल रंगवली होती, पण बैलाने चिंगीला पाहताच कान हलवले.

ती सरळ पुढे गेली. "ह्यो माज्या बाचा बैल हाय."

महिपती हसला. "व्हय का? चिठ्ठी हाय का बैलाची?"

"तुज्याकडं हाय?"

आजूबाजूची माणसं हसली. गिऱ्हाईक मागे सरलं. महिपतीने चिंगीच्या थोबाडीत अशी मारली की ती मातीत आडवी झाली. तोंडात रक्ताची चव आली. पण तेवढ्यात बायाने खुंट्याचा कासरा सोडला होता. बजरंगची गोफण भिरभिरली आणि धोंडा महिपतीच्या कानशिलावर बसला.

"बैलचोर महिपती!" चिंगी उठून ओरडली. "पोरीवर हात टाकतो, पोराचा धोंडा खातो!"

सगळा बाजार हसला. महिपतीने कुऱ्हाड उचलली.

मुलं उतारावरून धावत सुटली. बैलाला घराची वाट ठाऊक होती, बाया त्याच्या कासऱ्याला लोंबकळतच ओढ्यापार गेली. काठावर जांभळीखाली कोंडाजी हवालदार तोंडावर पागोटं घेऊन घोरत होते.

"ओ भाऊ, उठा की!" बाया त्यांना गदागदा हलवू लागली.

ओढ्याच्या मध्यात महिपतीने बजरंगला गाठलं. कुऱ्हाडीचा दांडा खांद्यावर बसला, कडकन आवाज झाला आणि बजरंग पाण्यात कोसळला. चिंगी काठाला पोचली होती. ती परत फिरली. महिपतीच्या पाठीवर झेप घेऊन तिने त्याच्या मनगटात दात रुतवले. कुऱ्हाड पाण्यात पडली. त्याने तिला खाली ओढून तिचं डोकं पाण्यात दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे काळोख आला. हाताला एक धोंडा लागला. तिने तो त्याच्या गुडघ्यावर घातला. महिपती गुरासारखा ओरडला आणि खाली बसला.

हवालदार जागे होऊन काठावर उभे होते. "अजून तो मधेच आहे," ते म्हणाले. "इकडे आणा, मग धरतो."

पलीकडून नाक्याचे शिपाई धावत येत होते. महिपती त्यांच्याकडे सरपटू लागला. चिंगीने त्याचे केस धरले, बजरंगने एका हाताने पाय धरला. तो लाथा झाडत होता. चिंगीने पुन्हा धोंडा घातला, परत घातला. दोघांनी त्याला वाळूवर ओढून आणला.

"आता?" बजरंगने विचारलं.

"आता माझा," म्हणत हवालदारांनी बेड्या ठोकल्या. मग त्यांनी चिंगीचं मनगट धरलं. धोंडा अजून तिच्या हातात होता आणि हात वर गेलेला होता. "पुरे, पोरी. पुरे."

संध्याकाळी वाडीत माणसं जमली. बजरंगचा खांदा बांधलेला होता. "आमच्या पोराचं हाड मोडलं," रखमाजी आबा म्हणाले, "पर असली पोरं मावळात हायती म्हनून बरं वाटलं. हवालदारबी म्हनला, चिंगीसारखं काळीज आपल्याकडं न्हाई."

"त्यो झोपला व्हता," बाया म्हणाली. सगळी हसली.

नवसू हसला नाही. "तू मारलंस त्याला?"

"व्हय."

"लय?"

"लय. मला थांबताच यीना, बा."

चांगल्या हाताने नवसूने तिची मूठ उघडली. बोटं सोलवटली होती. "उद्यापासनं औत तू धर," तो म्हणाला. "माजा हात बरा व्हईस्तवर."

जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईमाणसाने नांगर धरायचा नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"पोरीच्या हातात औत?" आबांनी विचारलं.

"बैल तिनं आनला," नवसू म्हणाला.

आबांनी चिंगीकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"मंग सकाळी आमच्याकडनं हलकं औत घिऊन जा," ते म्हणाले. "तुजं तिला उचलायचं न्हाई."