मिशीवरचा पांढरा ठिपका

ऑपरेशन थिएटरबाहेर खुर्च्या नऊ होत्या, त्यांतली एक मोडकी. माणसं सहा. गणपतीच्या तसबिरी दोन. पाण्याचा जार एक, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: 'ऑपरेशनच्या पेशंटनी विचारल्याशिवाय पिऊ नये.' आणि आबांच्या मिशीच्या उजव्या टोकाला वाळलेला पांढरा ठिपका एक.

तेजस्वीला मोजायची खोडच होती. बी.एस्सी. झाल्यापासून ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासत होती. तो ठिपका कशाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात हिरव्या कपड्यांतला एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि आबांसमोर चक्क उकिडवा बसला. टोपीखालून केसांची एक बट निसटली होती. हा भूल देणारा डॉक्टर, गुरुप्रसाद. आबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सकाळी भूल आणि संध्याकाळी कळंब्याला घरी, असा बेत. त्याने आबांचा एखादा दात हलतो का ते पाहिलं आणि विचारलं, रात्रीपासून पोटात काही गेलंय का.

"न्हाय की," आबा म्हणाले आणि लेकीकडे डोळे वटारून पाहिलं.

तेजस्वीने त्या ठिपक्याकडे पुन्हा पाहिलं. दोन वर्षं टाळून टाळून आबा आज आले होते. आज परत गेले की पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आम्ल पडलं की दूध कसं फाटतं, हे ती रोज काचेच्या नळीत पाहत होती. पोटात तरी दुसरं काय असतं? बेशुद्धीत ते वर आलं, छातीत उतरलं तर...

"दूध प्यालेत ते," ती म्हणाली.

आबांनी कपाळाला हात लावला. मग सगळी हकीकत बाहेर आली. सकाळी तेजस्वी औषधं आणायला गेली तेवढ्यात मंगळवार पेठेतल्या, समोर धार काढून दूध विकणाऱ्या दूध कट्ट्यावर आबांचा जुना दोस्त गुंडूमामा भेटला. त्याने म्हैस पिळली आणि फेसाळ गिलास पुढे केला. "दूध म्हंजे काय जेवान व्हय?" आबा कुरकुरले. "एकादशीला बी चालतंय."

"एकादशीला चालतं, मला नाही चालत," गुरुप्रसाद शांतपणे म्हणाला. दुधाला सहा तास धरावे लागतात, तेव्हा यांना सगळ्यांच्या शेवटी घेऊ, दुपारी. परत जायची गरज नाही.

ते ऐकून तेजस्वी मागे न बघता मटकन बसली... ती नेमकी मोडक्या खुर्चीवर. त्याने पटकन तिचा दंड धरला.

"सांभाळा. हाडांचे डॉक्टर आज रजेवर आहेत."

आबा तिच्याशी बोलेनात. पण गुरुप्रसाद दर ऑपरेशननंतर बाहेर येऊन एखादं वाक्य टाकून जायचा, आणि ती प्रश्न तयार ठेवायची. भूल किती लागेल हे कसं ठरवता? माणूस झोपलाय हे कळतं कसं? तिसऱ्या खेपेला त्याने खिशातला बोटाला लावायचा चिमटा काढला आणि उत्तराऐवजी तिच्या बोटाला लावला. नाडी एकशे चार.

"घाबरलाय तुम्ही."

"आबांना काही झालं तर..."

"मी त्यांच्या उशाशी असतो. पूर्ण वेळ. एक मिनिटही हलत नाही."

दुपारी आबांना आत नेलं. तिने गणपतींना दोनदा हात जोडले. दार उघडलं तेव्हा गुरुप्रसादचा चेहरा बघूनच तिला रडू फुटलं. तो हसत होता. आबा जड जिभेने म्हणत होते, "गुंड्याच्या म्हशीला... फॅट चांगलं हाय."

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादचा फोन आला: दुखतंय का, उलटी झाली का. तो रुग्णालयाचा नियमच होता. तिसऱ्या दिवशीही आला. मग आठवडाभर येतच राहिला, आणि आबांची चौकशी दिवसेंदिवस आखूड होत गेली.

टाके निघाल्यावर आबांनीच त्याला कट्ट्यावर दूध प्यायला बोलावलं. संध्याकाळची गार हवा होती. धारांचा आवाज, शेणाचा आणि ताज्या दुधाचा वास.

"ह्यो पावणा कोण?" गुंडूमामाने लांबूनच विचारलं.

"भूल देणारं डॉक्टर हायत."

"ते दिसतंयच की," मामा तेजस्वीकडे बघत म्हणाला. आबा खोकले आणि म्हशीचे दात बघायला निघून गेले.

गुरुप्रसादच्या ओठांवर फेस लागला होता. तिने बोटाने खूण केली. त्याने भलत्याच बाजूला पुसलं.

"नियमाचा फोन एकच असतो," तो म्हणाला. "बाकीचे... माझे होते. तुमचा आवाज ऐकायला. मला तुम्ही फार आवडता, तेजस्वी."

तिने गिलासाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मी मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही."

त्याने खिशातून तो नाडीचा चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. एकशे अठरा.

तिने तो अलगद काढून घेतला, आणि त्याने काही विचारायच्या आत स्वतःच्या बोटाला लावून हात त्याच्यासमोर धरला.

एकशे सव्वीस.