डाग नसलेलं कार्ड

"लवकर या हो! माझ्या दादाला कोणीतरी ठेचून मारलंय!"

फोन धाकट्याचा होता. फौजदारबाई पोचल्या तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते. धाकटा थोरल्या भावाचं प्रेत मांडीवर घेऊन बसला होता, शर्ट रक्तानं चिंब.

दादाचं दुकान बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देणारं. मारेकऱ्यानं मागून कॉम्प्युटरच्या यूपीएसची जड बॅटरी डोक्यात घातली होती. एकदा घालून भागलं नसावं, सात-आठदा घातली होती. मेल्यावरसुद्धा सोडलं नाही हलकटानं.

शिंतोडे छतापर्यंत. टेबलावर झाकण काढलेला कॉम्प्युटर, त्याच्या आतही रक्त. पंखा, वायरी, नेटवर्कचं कार्ड, सगळं माखलेलं. शेजारच्या खाचेत दुसरं कार्ड बसवलेलं होतं. त्याची केबल आठ डिस्क मावणाऱ्या एका पेटीत गेली होती. ते कार्ड मात्र लख्ख.

कडेला मनगटी पट्टा पडला होता. अंगातल्या विजेचा झटका बसून कार्ड जळू नये म्हणून कारागीर घालतात तो. त्याच्या आतल्या बाजूला रक्त होतं. बाईंनी दादाची दोन्ही मनगटं पाहिली. कोरडी.

"उघडच आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. "काल दोघा भावांची भररस्त्यात जुंपली होती. अख्ख्या गल्लीनं पाहिलं."

धाकट्याला बेड्या पडल्या. तेवढ्यात दुकानात दादाच्या बरोबरीनं काम करणारी त्याची बायको धावत आली आणि जीपसमोर उभी राहिली.

"नवरा गेला माझा. आता दीरही नेता? अहो, ते दर आठवड्याला भांडायचे आणि रात्री शेजारी बसून जेवायचे!"

"उद्या सकाळी त्याला कोर्टात उभं करायचंय. तोवर वेळ आहे," बाई म्हणाल्या. "रडणं नंतर, वहिनी. दुकानातल्या त्या डिस्कच्या पेटीत काय आहे?"

"कारखान्यात बॉयलर फुटून तीन माणसं भाजून मेली ना, तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. हे आज नवं कार्ड बसवून वाचणार होते."

"कोणाला माहीत होतं?"

"मला आणि चिमट्याला. भाऊजी सुतारकाम करतात, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही."

चिमटा म्हणजे दादाचा पंधरा वर्षांपासूनचा भागीदार. खिशात कायम चिमटा, म्हणून हे नाव. तो चौकीत आला तो डोळे पुसतच.

"सकाळी कुठे होतास?"

"घरी. तापानं फणफणलो होतो."

"कारखान्यातली कॅमेऱ्यांची आणि धोक्याच्या भोंग्याची यंत्रणा कोणी जोडली?"

"मीच. त्याचा इथे काय संबंध?"

दुपारी बाईंनी चौकीतला जुना कॉम्प्युटर उघडून टेबलावर ठेवला, शेजारी स्क्रूड्रायव्हर आणि नवा मनगटी पट्टा. धाकट्याला म्हणाल्या, "आतलं कार्ड काढ."

त्यानं बेड्यांसकट हात घातला आणि हिसडा दिला. "निघत नाही हो! आणि हा पट्टा कसला, घड्याळ हरवलंय का याचं?"

मग चिमटा. त्यानं आधी वीज बंद केली. न बघताच पट्टा उचलून मनगटात घातला, त्याची क्लिप कॉम्प्युटरच्या लोखंडी सांगाड्याला लावली, स्क्रू काढला आणि कार्ड अलगद बाहेर घेतलं.

"सकाळीही अस्साच घातलास ना?" बाई म्हणाल्या.

चिमट्याचा हात थांबला.

"आत सगळीकडे रक्त उडालं, त्या कार्डावर थेंब नाही. म्हणजे ते खुनानंतर बसवलं. पट्ट्याला आतून रक्त, दादांची मनगटं कोरडी. म्हणजे तो खुन्यानं घातला. धाकट्याला स्क्रूसुद्धा दिसला नाही, तो काय कार्ड बसवणार! पेटीतलं चित्रण पुसायला तुला ते कार्ड लागणारच होतं. माणसाचं डोकं फोडलंस आणि कार्डाला झटका बसू नये म्हणून जपलंस, मेल्या!"

चिमट्यानं स्क्रूड्रायव्हर फिरवला. मध्ये आलेल्या हवालदाराच्या तळहातातून तो आरपार गेला. दुसरा वार बाईंच्या गळ्यावर होता. बाईंनी कॉम्प्युटरचं लोखंडी झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पुसलंय मी सगळं!" तो जमिनीवर लोळत किंचाळला. "काय दाखवाल कोर्टात?"

दारात वहिनी उभी होती. पोलिसांच्या पहाऱ्यात ती सकाळपासून त्या पेटीतलं पुसलेलं चित्रण परत काढत बसली होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र घट्ट.

"बॉयलरच्या धोक्याचा भोंगा सारखा उगाच वाजतो म्हणून कारखान्यात ओरड होती. तू दुरुस्त करायचा कंटाळा केलास आणि वायर उपटून ठेवलीस, म्हणून बॉयलर फुटायच्या वेळी तो वाजलाच नाही. वायर उपटताना चित्रणात तुझं तोंड स्वच्छ दिसतंय. पुसलेलं परत काढायचं हाच आमचा धंदा, चिमट्या. पंधरा वर्षं खाल्लंस त्यावर आणि तेच विसरलास?"

हवालदारानं धड असलेल्या हातानं धाकट्याच्या बेड्या काढल्या. धाकट्यानं मनगट चोळलं नाही की कोणाला शिवी दिली नाही. वहिनीजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "काल मी दादाला 'तुझं तोंड बघणार नाही' म्हणालो होतो, वहिनी."

तिनं त्याचा रक्तानं कडक झालेला शर्ट मुठीत धरला आणि दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.