नावबदल शुल्क

"अहो, हलताय ना? नाहीतर मी इथेच तंबू ठोकतो!"

मागून आवाज आला, पण स्वरूपानं वळून पाहिलं नाही. चाकणच्या पुढे, धरणाकाठच्या सरकारी कॅम्पिंगच्या जागेवर ती आरक्षणाच्या खिडकीशी अडून उभी होती.

"मॅडम, बुकिंग कोंडीराम तापकीर यांचं आहे. तुम्ही स्वरूपा. नावबदल शुल्क चारशे, वर सुविधा शुल्क."

"वडिलांचंच बुकिंग आहे ते. आणि सुविधा कसली?"

"ऑनलाइनची."

"मी तर खिडकीत उभी आहे! जमीन सरकारची, झाडं सरकारची... मधे तुम्ही कोण?"

"आरक्षणाचं काम आमच्या कंपनीकडे आहे, मॅडम."

मागचा हसला. "मग वडिलांनाच बोलवा ना! लेकीला पुढे करून घरी आरामात बसलेत वाटतं."

आता ती वळली. कुरळे केस, पाठीवर भलीमोठी सॅक, डोळ्यांत चेष्टा.

"ते गेले. होळीच्या आधी," ती म्हणाली. "हे बुकिंग त्यांनी आजारपणात केलं होतं. दोघांसाठी."

त्याचं हसू विझलं. "माफ करा... मी—"

ती पुन्हा खिडकीकडे वळली. बाबा त्यांच्या कारखान्याला सुट्टी लागली की तिला चऱ्होलीहून स्कूटरवर इथे आणायचे. गेटवरच्या वनरक्षकाला नुसतं "आलो बरं का" म्हटलं की झालं. जांभळीखाली तंबू, तीन दगडांची चूल, पिठलं. आता त्या जांभळीलाही नंबर होता. आणि बाबांचं नाव पुसायचे पैसे तिनंच भरायचे?

"चारशेचा प्रश्न नाही. मला नाव बदलायचंच नाही." तिनं आधार कार्ड पुढे सरकवलं. "वाचा. मोठ्यानं."

"स्वरूपा... कोंडीराम तापकीर."

"मधे कोण आहे?"

"सिस्टीम फक्त पहिलं नाव बघते, मॅडम."

"सिस्टीमला बाप नसेल राव, माणसांना असतो!" मागच्यानं सॅक धाडकन खाली टाकली. "यांना आत सोडल्याशिवाय मीही हलत नाही."

"आम्हीही नाही!" रांगेतून एक काकू ओरडल्या. मग सगळी रांगच बोलायला लागली. खिडकीतल्या माणसानं कपाळ पुसलं आणि मुकाट्यानं पावती सरकवली. कोंडीराम तापकीर. नाव तेच.

संध्याकाळी तंबूबाहेर पावलं वाजली. मघाचाच कुरळ्या केसांचा, हातात दोन कप.

"प्रज्वल. कुरुळीचा. शेजारच्याच जागेत आहे," तो अवघडून म्हणाला. "चहा आणलाय... सुविधा शुल्क नाही."

हसायचं नव्हतं तिला. तरी हसू आलंच.

पुढच्या वर्षी दोघं एकत्र आली. सुविधा शुल्क वाढलं होतं. खिडकीशी दोघं कडाकडा भांडली, लेखी तक्रार दिली, आणि मगच आत गेली. जांभळीखाली सतरंजी अंथरून ती बसली. तो मात्र उभाच.

"स्वरूपा... लग्न करशील माझ्याशी?"

पाण्यावरून वारा आला.

"माझ्या नावात मधे बाबा आहेत, प्रज्वल. ते तिथून हलणार नाहीत."

"कशाला हलवायचं? मला शेजारची जागा चालते."

तिनं डोळे पुसले आणि सतरंजीवर जरा सरकली.

"बस मग. शुल्क नाही."