शकुनच्या डब्यातली खिरापत

खुळुक... खुळुक...

तो आवाज शालिकरामच्या कानातून कधी गेलाच नाही. भुलाबाईची गाणी संपली की त्याची मोठी बहीण शकुन झाकलेला पितळी डबा असाच हलवायची. आवाजावरून आतली खिरापत पोरींनी ओळखायची, मगच झाकण उघडायचं. त्या शेवटच्या संध्याकाळी कोणालाच ओळखता आलं नाही. शकुननं खिरापतीचं नाव तेवढं धाकट्या शालिकच्या कानात सांगितलं आणि डबा उद्यावर ठेवला. रात्री तिला ताप भरला. कोजागिरी तिनं पाहिली नाही. आईनं, गंगूबाईनं, तो डबा न उघडताच मळ्यातल्या विहिरीत टाकला.

आता एकसष्ट साल होतं. चांदूर बाजारजवळच्या त्याच मळ्यात शालिकराम झेंडू तोडत होता. दसरा नुकताच झाला होता. बांधावर त्याची लेक ललिता आपल्याच नादात म्हणत होती,

“डबा वाजते खुळुक खुळुक,
एक मूठ राखून ठेवली, येईन माहा शालिक.”

त्याचे हात थांबले. हे शकुननं स्वतः जुळवलेलं, त्याला निजवताना हळूच म्हटलेलं. तिसऱ्या कानाला ते ठाऊक नव्हतं.

घरी त्यानं बायकोला आडून विचारलं. पार्बताबाई भाकर थापता थापता हसली. “तुमीच शिकवलं असन. नवऱ्याचं नाव गाण्यात घ्याले मी का येडी हाओ?”

मग त्याचा संशय आईवर गेला. चुलीपाशी बसलेल्या गंगूबाईनं मान वर केली नाही. “पोरीले झेंडूत जाऊ देऊ नको, बापू,” एवढंच ती म्हणाली.

ललितानं मात्र काही लपवलं नाही. दिवस बुडताना झेंडूत एक पोरगी येते, डबा वाजवते, म्हणाली. शेंगदाणे नाहीत, फुटाणे नाहीत, खोबरंही नाही. ओळखलं की ती ललिताला स्वतःच्या घरी नेणार आहे.

“तिले खोटंच नाव सांगत जाय,” शालिकराम म्हणाला.

“पण खरं काय हाय, बाबा?”

 कानाशी लागलेला शकुनचा ऊन श्वास त्याला आठवत होता. तिच्या केसांतलं तेल आठवत होतं. तेवढा एक शब्द गेला होता. तो आठवला असता, तर पोरीच्या तोंडी येऊ द्यायचा नाही तो कोणता, हे तरी कळलं असतं. रात्रभर तो ते कडवं घोळवत राहिला. कडव्यात खिरापतीचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ललिताला नजरेआड होऊ दिलं नाही. सांजेला बैल दावणीला बांधून वळला, तर ओसरी रिकामी.

खुळुक... खुळुक...

झेंडूतून आवाज आला, आणि मधेच थांबला. मग झाकण निघाल्याचा आवाज.

“ललिते...”

फुलं बाजूला सारत ती बाहेर आली. तोंडात काहीतरी कटकट वाजत होतं. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. “काय होतं त्यात? कोनं देलं, माय?”

तिनं त्याची मूठ उघडली, आत काही ठेवलं आणि लहान पोराची मिटावी तशी बोटं मिटली. शालिकरामनं पाहिलं. भाजलेले चिंचोके. गरम होते. आणि तो शब्द, इतक्या वर्षांनी, त्याच्या कानात कोणी पुन्हा सांगावा तसा आला.

ओसरीवर गंगूबाई दार धरून उभी होती. ती वाट देत बाजूला सरली.

शालिकरामनं हाक मारायला तोंड उघडलं. पण कोणत्या नावानं मारावी, ते त्याला कळेना. चिंचोके चावत पोर घरात निघून गेली.