'चाचणी' नावाचा पेशंट

विधात्याने माणसाच्या पोटात काय काय दडवून ठेवलं आहे, हे विधात्याखालोखाल आपल्यालाच ठाऊक, असं सोनोग्राफीच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. चष्मा कपाळावर सरकवलेला आहे, हे मात्र त्यांना दर वेळी बाई सांगत. बाई म्हणजे त्यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर.

गर्व अगदीच फुकाचा नव्हता. यकृतातला वाटाण्याएवढा कॅन्सर त्यांनी कितीदा तरी पकडला होता. त्याहून बारीक काही दिसलं, की अहवालातलं वाक्य ठरलेलं: 'सेंटिमीटरच्या आत. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.'

मशीनची दुरुस्ती झाली, की पहिलं यकृत डॉक्टरांचं. ते स्वतः टेबलावर आडवे होत, बाई एक चित्र काढत आणि 'चाचणी' या नावाने ठेवून देत. त्या दिवशी इंजिनियर मशीन उघडून, पुन्हा मिटून गेला आणि डॉक्टरांनी ताडून पाहायला ती फाइल काढली. याआधी दुरुस्त्या दोन, म्हणजे चित्रंही दोनच हवीत. सहा निघाली.

"बाई, माझ्या यकृताला कोणी हात लावला?"

"मला काय करायचंय तुमचं यकृत घेऊन, सर?"

तिसऱ्या चित्रात एक काळसर ठिपका होता. चार मिलिमीटर. तारीख आजची, वेळ अकरा वीस. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पाच झाले होते. चौथ्यात ठिपका सहा मिलिमीटर, तारीख तीन महिन्यांनंतरची. पाचव्यात आठ, आणखी तीन महिन्यांनी. मोजमापाच्या रेघा किंचित तिरक्या, डॉक्टर ओढतात तशाच.

"त्या गड्याने मशीनच्या घड्याळाची पार वाट लावली," असं म्हणत डॉक्टर शर्ट वर करून आडवे झाले. "चला, खोटं पाडू याला."

बाईंनी जेल लावलं. डॉक्टर शहारले.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

बाईंचा हात फिरता फिरता थांबला. बराच वेळ थांबला.

"अहो, सोडू का?" डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"चार मिलिमीटर," बाई म्हणाल्या.

घड्याळात अकरा वीस झाले होते.

"सर, मोठ्या मशीनवर करून घ्या. आजच. मी वहिनींना फोन करते."

"मुळीच नाही. उद्यापासून ती मला नुसतं उकडलेलं घालेल. सेंटिमीटरच्या आत आहे ना? मग नियम म्हणजे नियम." डॉक्टर खुशीतच होते. चार मिलिमीटर! अख्ख्या शहरात दुसऱ्या कोणाला दिसला असता?

सहावं चित्र राहिलं होतं. ते त्यांनी उघडलं.

नऊ मिलिमीटर. पुन्हा तीन महिन्यांनंतरची तारीख.

वाहतं रक्त हे मशीन लाल-निळ्या रंगात दाखवतं. इथे रंगाची चौकट होती. रंग नव्हता.

यकृतात नाही. शेजारच्या मोठ्या शिरेतही नाही. रक्त कुठेच वाहत नव्हतं.

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

चित्राखाली अहवाल होता, डॉक्टरांच्या सहीसकट. 'सेंटिमीटरच्या आत. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.'

डॉक्टरांनी पोट पुसलं. शर्ट नीट खोचला. चष्मा कपाळावर सरकवला.

"तारखा लिहून घ्या, बाई," ते म्हणाले. "राहिलेल्या तिन्ही. आणि पुढच्या वेळी ते जेल जरा कोमट करून लावा. फार गार लागतं."