उन्हाशिवाय रापलेला काका

आता मला सांगा, चंद्राच्या पोटात, जिथे उन्हाचा कवडसासुद्धा पोचत नाही, तिथे राहणारा माणूस रापेल कसा? पण शर्वाणीचा दिगूकाका रापत होता. वैशाखभर झाडावर चढून आंबे उतरवल्यासारखा.

काका चंद्रावरच्या वसाहतीत, जमिनीखालच्या बोगद्यात भाजीचा मळा पिकवायचा. शर्वाणी सुट्टीत त्याच्याकडे आलेली. मळ्यातल्या दिव्यांमुळे होत असेल, असं तिला आधी वाटलं. पण त्या जांभळ्या उजेडाने कातडी रापतच नाही, हे तिनेच शोधून काढलं. शिवाय काकाच्या तळहातांच्या रेघा काळ्या, हिरड्याही काळ्या. हिरड्यांना कुठलं ऊन लागतंय?

काकाची पाठ तर जुनीच दुखरी. त्याला मणक्यांचा दाहक संधिवात (शरीराची रक्षकसेना चुकून स्वतःच्याच मणक्यांवर चाल करून जाते, तो आजार) होता. अशी पाठ सकाळी लाकडासारखी ताठते आणि हालचाल केली की सैलावते. म्हणून ठकी, म्हणजे काकाची रोबो, रोज त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. हल्ली तो लवकर थकायचा, वाळत चाललेला, उठला की डोळ्यांपुढे अंधारी. ठकीचं उत्तर ठरलेलं, पाठ. आणि उपाय? आणखी व्यायाम.

काका लोणच्याचा खार वाटीवाटीने पितोय, हेही शर्वाणीने सांगून पाहिलं. एकेकाची आवड असते, म्हणाली ठकी.

त्या सकाळी काकाला उलट्या झाल्या, तरी ठकीने त्याला धरून उभं केलं. तो घामाने डबडबला आणि कोसळलाच. ठकी पुन्हा उचलायला वाकली, तशी शर्वाणी मध्ये घुसली.

"उचलू नकोस त्याला. समज ठके, काकाला पाठच नाहीये. मग ऊन नसताना काळा पडतो, मीठ मागतो, उभा राहिला की पडतो, हे कशामुळे?"

ठकीने पुढे केलेले हात मागे घेतले. "पाठ वगळून? मग अधिवृक्क ग्रंथी. आडवाच राहू दे. पाय वर धर."

तिने भराभर रक्त काढून घेतलं, कॉर्टिसॉलची सुई टोचली, शिरेतून मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं, आणि एकीकडे सांगत सुटली. अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी) कॉर्टिसॉल हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) बनवतात. संकटात तेच आपल्याला तारून नेतं. त्यांचंच दुसरं संप्रेरक शरीरातलं मीठ धरून ठेवतं. बहुधा रक्षकसेनेने तिथेही चाल केली होती. म्हणून ताकद गेली, मीठ लघवीवाटे वाहून गेलं, रक्तदाब घसरला.

"आणि काळा रंग?" शर्वाणीला दम निघेना.

मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी (बाकीच्या ग्रंथींची मुकादमीण) या सुस्तावलेल्या दोघींना जोरजोरात हाका मारत राहते. त्या हाकांचं रसायन कातडीतल्या रंगपेशींपर्यंतही पोचतं, आणि त्या बिचाऱ्या रंग बनवत सुटतात.

"म्हणजे हाक मारली एकीला आणि धावत आली भलतीच," काका हळूच म्हणाला. त्याने डोळे उघडले होते. "ठके, मला बिनपाठीचा केलास तेव्हा कुठे वाचलो मी."

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. आता काका रोज गोळ्या घेतो, ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जास्त घेतो, आणि पाठीचा व्यायामही करतो, पण मजेत.

शर्वाणीच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलंय. घामातही थोडं कॉर्टिसॉल असतं म्हणे. ते सतत मोजून, कमी पडायच्या आत हाक देणारी, कातडीवर चिकटणारी टिकली बनवायचीय तिला. काकाचा घामेजलेला रुमाल ती कुणाला धुवू देत नाहीये.