फर्नेसचा आवाज

जानेवारी २००६, संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार, दुपारचे चार. शिकागोजवळचं शॉमबर्ग, देवदत्तचं घर.

वर हळदीकुंकू रंगलं होतं. धाकटा भाऊ उल्हास इंडियात परत गेला, असं मराठी मंडळात सगळ्यांना सांगून झालं होतं. प्रत्यक्षात महिनाभर तो खाली बेसमेंटमध्ये होता, बाहेरून कडी घातलेल्या खोलीत. डोकं बिघडलेल्या भावाला कोंडायचं आणि वर तिळगूळ वाटायचा, याला आपली शिकलेली माणसं अब्रू सांभाळणं म्हणतात. शेवटी शेजाऱ्यानेच पोलीस बोलावले. आता उल्हास मनोरुग्णांच्या वॉर्डात होता. त्याचा कायदेशीर पालक व्हायचं की नाही, हे देवदत्तला उद्या कोर्टात सांगायचं होतं. तो नाही म्हणणार होता.

खाली, घर तापवणारी फर्नेस होती त्या बाजूला, धाडकन आवाज झाला. मग आणखी एक.

हळदीकुंकवाला आलेल्या वीणाकाकू हसल्या. "रुचा, फर्नेस आहे की धोबीघाट गं?"

"फर्नेसच, काकू," देवदत्तची बायको महिनाभराच्या सवयीने बोलून गेली आणि पांढरीफटक पडली. खोली तर रिकामी होती.

देवदत्त जिना उतरला. खाली ओल्या लोकरीचा कुबट वास. कडी बाहेरून घातलेलीच होती आणि दार आतल्या धडकांनी फुगत होतं. फळी फुटली. अंधारातून एक हात आला, त्याने देवदत्तचं मनगट धरलं आणि पिळलं. हाड मोडल्याचा आवाज त्याने आधी ऐकला, कळ नंतर आली.

खिशातला मोबाइल वाजला. डाव्या हाताने त्याने तो कसाबसा कानाला लावला.

"युअर ब्रदर वोन्ट स्टॉप स्क्रीमिंग," वॉर्डातली नर्स म्हणाली. मग उल्हासचा घोगरा आवाज आला. "दादा... फोन दाराला लाव."

त्याने लावला.

"सोड त्याला," उल्हास म्हणाला.

हात सुटला. आत सरकला.

"महिनाभर मी त्याला धरून बसलो होतो, दादा. पोलिसांनी मलाच नेलं. मला घरी ने... नाहीतर तो वर येईल."

दुसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर घालून, देवदत्त कोर्टात हो म्हणाला.

"वेडा झालास का?" बाहेर रुचा कुजबुजली. "त्याला पुन्हा घरात?"

"त्याच्यासाठी कुठे," देवदत्त म्हणाला. "खालच्या त्या दुसऱ्याला आवरायला."

हात मोडल्याचं हॉस्पिटलने कळवल्यावर, आदल्या रात्रीच पोलिसांनी खोली उघडली होती. आत खिडकी नाही, माणूस नाही. दाराच्या आतल्या बाजूला ओलं रक्त होतं, ते त्यांनी तपासायला पाठवलं. ते उल्हासचं नव्हतं. देवदत्तचंही नव्हतं. कुणाचं होतं, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.